धातुशोधक यंत्र आणि जमिनीचा पासंग

गुप्तधन शोधण्याची आपल्याकडे एक जुनी रीत होती. पायाळू माणूस, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा माणूस, गाठायचा, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचे, आणि मग त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो अशी समजूत होती. तिच्या पायी आपल्या खेड्यांतून जे प्रकार घडले ते मोठे दुःखद आहेत. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध जो कायदा केला त्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. पण आज मला तिच्यातील एकच गोष्ट आपल्या नजरेस आणून द्यायची आहे. ह्या समजुतीत जमीन म्हणजे नुसता पडदा होय. पडदा निर्जीव, मुका. दृष्टी तेवढी तीक्ष्ण हवी, की पलीकडचे दिसलेच.

गंमत अशी की, अंजनाची जागा विजेने घेतली तेव्हा शास्त्रज्ञांचीही सुरुवातीची कल्पना काही फार वेगळी नव्हती. जमीन मुकी नाही, तिला स्वतःचा आवाज आहे, आणि तो ओळखून बाजूला काढल्याखेरीज धातूचा आवाज ऐकू येत नाही, हे कळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची हकीकत मी आज सांगणार आहे.

ती सुरू होते एका आजाऱ्याच्या बिछान्यापाशी. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गार्फील्ड हे वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात शिरत असता चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली; दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली आणि आतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून चौदा वर्षे अवकाश होता. डॉक्टरांनी गोळी शोधण्यासाठी जखमेत न धुतलेली बोटे व सळया घातल्या. लिस्टरची जंतुनाशक पद्धती तोवर युरोपात रुजू लागली होती, पण ह्या डॉक्टरांना ती मानवली नव्हती. आज बहुतेक अभ्यासकांचे मत असे आहे की, गार्फील्ड गोळीने नव्हे तर ह्या शोधानेच गेले.

वर्तमानपत्रांतून रोज प्रकृतीची बातमी येत होती. ती वाचून टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या मनाने घेतले की, शरीराला स्पर्श न करता गोळीची जागा सांगता आली पाहिजे. बेल तेव्हा चौतीस वर्षांचे होते. इंग्लंडात डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ साली एक उपकरण केले होते. त्याला आपण प्रवर्तन-तुला म्हणू, कारण ती खरोखरच तराजूसारखी चालते. तारांच्या वेटोळ्यांच्या दोन जोड्या घ्यायच्या. प्रत्येक जोडीतील एका वेटोळ्यातून खंडित प्रवाह सोडला की शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह उमटतो. हे उमटलेले दोन प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध जोडले की ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि टेलिफोनच्या कर्ण्यात शांतता होते. एका जोडीजवळ धातू आणला की तोल बिघडतो व कर्णा बोलू लागतो. ह्यूजच्या तुलेला खरे नाणे आणि खोटे नाणे ह्यांतला फरक कळत असे.

बेल यांनी आणि त्यांचे सहकारी टेन्टर यांनी ह्या तुलेवर अहोरात्र मेहनत केली. यादवी युद्धात लागलेली गोळी अंगात तशीच राहिलेले जुने सैनिक मिळाले. त्यांच्यावर प्रयोग केला तेव्हा यंत्राने गोळी बरोबर दाखविली. २६ जुलैला बेल अध्यक्षांच्या बिछान्यापाशी गेले. कर्ण्यात नुसती चरचर ऐकू आली. परत आल्यावर कळले की, एक जोडणी चुकली होती. १ ऑगस्टला ते पुन्हा गेले. ह्या खेपेस यंत्र निर्दोष होते. उजव्या बाजूला आवाज आला खरा, पण कसा? क्षीण, आणि एका ठिकाणी नव्हे तर बऱ्याच विस्तृत भागावर. एवढ्याशा गोळीचा आवाज असा पसरट कसा यावा?

दुसऱ्या दिवशी बेल यांनी चौकशी केली की, आसपासचा सर्व धातू दूर केला होता ना? तेव्हा उलगडा झाला की, अध्यक्ष ज्या केसांच्या गादीवर निजले होते तिच्याखाली दुसरी गादी पोलादी तारांची होती!

ही गोष्ट येथवर सांगून लोक थांबतात, आणि पोलादी गादीने बेलना दगा दिला असा निष्कर्ष काढतात. तो मला पुरता पटत नाही. स्वतः बेलनी तसलीच दुसरी गादी मागवून तिच्यावर यंत्र चालवून पाहिले. ती मोठ्या घरांची जाळी होती. तिचा आवाज एवढ्याच भागात का यावा, हे त्यांना जुळेना, म्हणून गादी निर्दोष असावी असे त्यांनी ठरविले. १९ सप्टेंबरला गार्फील्ड यांचा अंत झाला. शवपरीक्षेत गोळी मणक्यातून पार होऊन डाव्या बाजूला, स्वादुपिंडाजवळ सापडली. मुख्य डॉक्टर ब्लिस यांचा गोळी उजवीकडेच आहे असा ठाम ग्रह होता व शोध त्याच बाजूला झाला. पुढच्या वर्षी बेलनी आपल्या प्रयोगांचा प्रांजळ वृत्तांत प्रसिद्ध केला व गोळी यंत्राच्या पल्ल्याबाहेर खोल होती असे नमूद केले. म्हणजे तीन कारणे झाली: शोधाची जागा चुकली, खोली जास्त होती, आणि पार्श्वभूमीला एक आवाज होता ज्याचे काय करावे हे ठाऊक नव्हते. पहिल्या दोन कारणांवर यंत्राचा इलाज नाही. तिसऱ्यावर आहे. बेलना तो सापडला नाही, कारण मोठ्या आवाजाच्या पोटातून लहान आवाज निराळा काढण्याची विद्याच तेव्हा नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये बेल यांचे नवजात मूल दगावले; तशाही स्थितीत त्यांनी हे काम सोडले नाही, ही गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे.

वाण्याच्या दुकानात आपण पाहिलेच असेल की, माल घालण्यापूर्वी तो रिकामी पारडी उचलून धरतो. एक पारडे झुकत असेल तर दुसऱ्याला खडा किंवा चिंधी बांधतो. त्याला आपण पासंग म्हणतो. पासंग न काढता तोललेल्या मालाला अर्थ नाही. बेलच्या तुलेत पोलादी गादी हा पासंग होता. पुढे यंत्र उघड्या रानात आले तेव्हा सारी पृथ्वीच पासंग होऊन बसली.

यंत्र रानात आले ते ह्या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात. जर्मनीतून कॅलिफोर्नियात आलेले गेऱ्हार्ड फिशर हे विमानांसाठी रेडिओने दिशा शोधणाऱ्या यंत्रावर काम करीत होते. काही ठिकाणी दिशा चुकत असे. धातूच्या वस्तू वा खनिजयुक्त जमीन जवळ असली म्हणजे रेडिओलहरी वाकतात, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि ज्या दोषाने एक यंत्र फसते त्याच दोषावर दुसरे यंत्र उभारावे असे त्यांनी ठरविले. १९३७ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. येथे एक बाब आपण मनात ठेवावी: फिशरना जमिनीने फसविले म्हणून यंत्र सुचले, आणि त्याच जमिनीने त्या यंत्राला पुढे जन्मभर फसविले.

मग महायुद्ध आले आणि प्रश्न सोन्याचा न राहता प्राणांचा झाला. १९४१ च्या जानेवारीअखेर ॲबिसिनियाच्या सीमेवर मेतेम्मा घेतल्यावर पळणाऱ्या इटालियन सैन्याचा पाठलाग सुरू झाला. वाटेत सुरुंग पेरलेले. पुण्याजवळ खडकीस ज्यांचे केंद्र आहे त्या बॉम्बे सॅपर्सकडील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत हे सर्वांत पुढच्या गाडीत होते. चार दिवसांत, ५५ मैलांच्या वाटेवर, त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे हुडकून साफ करविली. दोनदा त्यांची गाडी खालच्या सुरुंगाने उडाली, सोबतची माणसे गेली, एका कानाचा पडदा फाटला. तरी ते पुढेच गेले. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे ते पहिले भारतीय अधिकारी. त्यांच्यापाशी भरवशाचे यंत्र नव्हते. उकरलेल्या मातीचा रंग ओळखणारे डोळे आणि हात, एवढेच होते.

यंत्र तयार झाले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात, स्कॉटलंडमध्ये. मायदेश गमावून तेथे आलेल्या पोलिश सैन्यातील लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी एकट्या माणसाला उचलता येईल असे सुरुंगशोधक केले. वजन १४ किलोग्रॅमांच्या आत. लांब दांड्याच्या टोकाला चपटी तबकडी, पाठीवर बॅटरी, कानांवर कर्णे. त्यांनी पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री एल अलामीनची लढाई सुरू झाली तेव्हा अशी सुमारे ५०० यंत्रे वाळवंटात होती. समोर सुमारे पाच लाख सुरुंगांचे पट्टे. तासाला शंभर चौरस मीटरच्या जागी दोनशे चौरस मीटर जमीन साफ होऊ लागली. ह्या यशाचा वाटा यंत्राला द्यावा, कोसात्स्कींना द्यावा, सॅपर्सना तर द्यावाच. पण थोडा वाटा तेथल्या भूमीलाही आहे. चुनखडीचा तो प्रदेश, लोखंड बेताचे. जमीन जवळजवळ मुकी होती. लढाई इटलीत पोचली आणि तेथे ज्वालामुखीची माती व तोफगोळ्यांच्या कपच्या लागल्या, तेव्हा तीच जातीची यंत्रे पावलोपावली ओरडू लागली, आणि सैनिकांनी पुन्हा संगिनीच्या टोकाने माती टोचायला सुरुवात केली.

जमीन ओरडते म्हणजे काय होते? आता थोडे यंत्राच्या पोटात शिरू. तबकडीतल्या एका वेटोळ्यातून क्षणाक्षणाला उलटसुलट होणारा प्रवाह वाहतो व खाली चुंबकक्षेत्र पसरते. त्या क्षेत्रात तांब्याचे नाणे आले की नाण्यात छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि ते आपले स्वतःचे क्षेत्र परत पाठवितात. पण प्रवाह उठायला व विरायला वेळ लागतो, म्हणून हे उत्तर किंचित उशिरा येते. मातीत मॅग्नेटाइट असेल, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारी काळी रेती असेल, तर तीही उत्तर देते. मात्र तिचे उत्तर जवळजवळ बिनविलंब, हाकेसरशी येते. ते नाण्याच्या उत्तराच्या कित्येक पट मोठे असू शकते. परंतु दोघांच्या वेळा निराळ्या आहेत, आणि हाच वाचण्याचा मार्ग आहे. जमिनीच्या उत्तराची वेळ नेमकी ओळखून तेवढ्या वेळेचा आवाज ऐकायचाच नाही, अशी रचना मंडलात करता येते.

१९७० च्या दशकात ही किल्ली वापरणाऱ्याच्या हाती आली. तिचे काम अगदी साधे आहे. धातू नसलेला जमिनीचा तुकडा निवडायचा. तबकडी वर उचलायची, जमिनीजवळ आणायची, पुन्हा उचलायची, आणि कान द्यायचा. खाली नेताना आवाज वाढत असेल तर खुंटी एका बाजूला पिळायची. कमी होत असेल तर दुसऱ्या. खाली आणि वर आवाज सारखा लागला की पासंग निघाला. तंबोरा जुळविणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आणि तंबोऱ्याप्रमाणेच, जुळविले की कायमचे झाले असे नाही. दहा पावलांवर माती बदलली की पुन्हा कान लावावा लागतो. नवखा माणूस दुसरी एक चूक हमखास करतो. खोलवरचे सापडावे म्हणून तो यंत्राची संवेदनशीलता शेवटापर्यंत चढवितो. बोलक्या जमिनीवर त्याने गोंगाट तेवढा वाढतो व खोलवरचा क्षीण आवाज त्यात बुडतो. तेथे संवेदनशीलता उतरविली तरच जास्त खोलवरचे ऐकू येते.

आपल्या पायाखालची जमीन ह्या बाबतीत फार बोलकी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून आपले पठार झाले. त्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटच्या जातीचे खनिज आहे, आणि ते थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यात गोठून राहिली. १९५६ साली क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या पाषाणांच्या मोजमापावरून दाखविले की, ते थिजले तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. ज्या गुणामुळे दख्खनचा पाषाण भूगोलाचा एवढा मोठा साक्षीदार ठरला, त्याच गुणामुळे तो धातुशोधकाचा शत्रू आहे. नदीकाठच्या गाळात पडलेला एखादा काळा गोटा यंत्राखाली लोखंडाच्या तुकड्यासारखा बोलतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर दुहेरी संकट. तेथे काळी खनिज रेती आहे आणि तिच्यात खारे पाणी मुरलेले आहे. खारे पाणी वीजवाहक, म्हणून त्याचे उत्तर रेतीपेक्षा वेगळ्या वेळी येते. रेतीचा पासंग काढावा तर पाणी बोलते. पाण्याचा काढावा तर रेती. एकाच कंपनसंख्येच्या यंत्राला दोन्ही साधत नाहीत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारी यंत्रे आली, तेव्हा कोठे किनाऱ्यावरची ही कोंडी फुटली. (येथे एक सूचना करून ठेवतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि तो कायदा आपल्याकडे विसरला जातो.)

पण सर्वांत अवघड जमीन काळी नव्हे, तांबडी. कोकणात आपण ज्याला जांभा म्हणतो तो दगड. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात तो पाहून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. शतकानुशतकांच्या पावसाने मातीतले इतर पदार्थ वाहून जातात व लोखंड मागे राहते. त्यातील काही लोहकण इतके सूक्ष्म असतात की, चुंबकक्षेत्र काढून घेतल्यावरही त्यांचे चुंबकत्व लगेच जात नाही. रेंगाळत रेंगाळत जाते. म्हणजे ही जमीन धातूसारखीच उशिरा उत्तर देते. ज्या विलंबावर आपण धातू ओळखत होतो, तोच तिने उचलला.

हे कोडे सुटले ते ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या रानांत. तेथील तांबड्या खनिजयुक्त भूमीवर १८५० च्या दशकात लाखो माणसांनी खणले होते. तरी १९८० साली व्हिक्टोरिया प्रांतात एका माणसाला यंत्राने वीतभर खोलीवर २७ किलोग्रॅमांचा सोन्याचा गोळा मिळाला. त्याच्यावरून किती लोक चालून गेले असतील कोण जाणे! पण लहान गोळे त्या मातीच्या आरडाओरडीत हरवत. ॲडलेडच्या ब्रूस कँडी यांनी दुसरी वाट धरली. अखंड प्रवाहाऐवजी वेटोळ्यात प्रवाहाचा झटका द्यायचा, तो एकदम तोडायचा, आणि नंतरच्या शांततेत काय विरत जाते ते ऐकायचे. मॅग्नेटाइटला स्मरणच नाही, ते तत्काळ गप्प होते. जांभ्याचा आवाज विरतो, पण त्याची विरण्याची चाल ठरलेली आहे. वेळ दुप्पट झाला की आवाज साधारण निम्मा. धातूची चाल निराळी असते. तेव्हा दोन निरनिराळ्या क्षणी आवाज मोजून, एकाला योग्य त्या संख्येने गुणून दुसऱ्यातून वजा केला, तर जमीन शून्य होते आणि धातू उरतो. १९९५ साली ह्या पद्धतीचे यंत्र सोने शोधणाऱ्यांना मिळू लागले.

मात्र ह्या वजाबाकीला किंमत आहे. ज्या धातूच्या तुकड्याची विरण्याची चाल योगायोगाने जमिनीच्या चालीशी जुळते, तो तुकडाही जमिनीबरोबर वजा होतो. सोने शोधणाऱ्याचा एखादा गोळा राहिला तर त्याचे नुकसान रुपयांत मोजता येईल. पण हेच तत्त्व पुढे सुरुंग काढणाऱ्यांच्या हातात गेले.

कंबोडियात बऱ्याच ठिकाणी हीच तांबडी माती आहे. तेथे १९९२ ते १९९८ ह्या काळात सुरुंग काढणाऱ्यांनी सुमारे २० कोटी वस्तू खणून काढल्या. त्यांत स्फोटक निघाले ०.३ टक्क्यांहून कमी. बाकी खिळे, तारा, कपच्या. आणि काही सुरुंग असे की, सारे अंग प्लॅस्टिकचे, धातू एखाद्या ग्रॅमाच्या आसपास. मातीचा आवाज दाबण्यासाठी यंत्र उतरवावे तर हा ग्रॅम निसटतो. न उतरवावे तर कामगार दिवसभर रिकामी माती उकरीत बसतो, कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस येथे जिवाला मुकतो.

म्हणून तेथे काम सुरू होण्यापूर्वी जमिनीची परीक्षा घेतात. ठराविक मापाला जुळविलेले यंत्र हवेत धरून हळूहळू जमिनीकडे आणतात, आणि नुसत्या मातीने ते किती उंचीवर बोलू लागले ते मोजतात. ती उंची जेवढी अधिक तेवढी जमीन दुष्ट. मग सकाळी प्रत्येक कामगार त्याच शेतातल्या साफ केलेल्या तुकड्यावर आपला पासंग काढतो. तेथे ठरवून दिलेल्या खोलीवर एक निकामी सुरुंग पुरलेला असतो. तो आपल्या यंत्राला ऐकू येतो की नाही हे पाहिल्यावाचून त्याला दोरीच्या आत पाऊल टाकू देत नाहीत. दुपारी ऊन चढले, पाऊस पडून गेला, बॅटरी बदलली, की पुन्हा त्या तुकड्यापाशी यायचे. कधी कधी खुंटी कशीही पिळली तरी पुरलेला सुरुंग बोलत नाही, किंवा त्याच्याबरोबर सारे शेतच बोलते. तेव्हा यंत्र बाजूला ठेवतात. गुडघे टेकून, तोंडावर काचेचा पडदा घेऊन, कामगार माती आडवी खरवडत पुढे सरकतो, आणि संध्याकाळपर्यंत काही मोजकेच चौरस मीटर मागे पडलेले असतात.